म्हातारा निकामी ठरवला कोणी?



नोकरदार ठरल्या वयाला हारतुरे घेऊन घरी बसतो. कोरडवाहू शेतकऱ्याला निवृत्ती नाही. सत्तरीचा म्हातारा मृगाच्या ओलीवर तिफणीमागे उभा राहतो. सत्तरीची म्हातारी कंबरेला ओटी बांधून कापूस वेचते, ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायलाही तीच जाते. पण बियाणं कोणतं घ्यायचं, कापूस कधी विकायचा, असा प्रश्न निघाला की घरातलं पोर म्हणतं, "बाबा, तुम्हाला आता काय कळतं?" वेचणीची मजुरी किलोवर. हात मंद चालला तर पैसे आपोआपच कमी मिळतात. तरी टोळी म्हातारीला नको म्हणते. मग तोटा कोणाचा होत होता?

सरकारही तेच म्हणते, फक्त कागदावर. २०१९ साली अल्पभूधारकांसाठी किसान मानधन योजना आली. साठीनंतर महिना ३,००० रुपये. मात्र नाव नोंदवण्याचं वय १८ ते ४०. म्हणजे ज्याची पाठ आधीच वाकली, त्याला दारच बंद. शेतकरी अपघातात गेला तर वारसांना राज्य सरकार २ लाख देते, पण वय ७५ च्या आत हवे. शहात्तराव्या वर्षी धुऱ्यावर साप चावला तर? साप काही जन्मदाखला मागून चावत नाही!

अंगठ्याची कथा तर सगळ्यांच्या घरची आहे. जन्मभर वखर धरून, बोंडं वेचून बोटांवरच्या रेषा झिजल्या, आणि यंत्र म्हणतं हा माणूस ओळखू येत नाही. पीएम किसानसाठी २०२३ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही ई-केवायसी होते. हे म्हाताऱ्याला कोणी सांगत नाही, चार हेलपाटे मात्र घालायला लावतात.

सरकारला बोल लावताना आम्ही आमच्याकडेही पाहिले पाहिजे. आमच्या बैठकांत म्हाताऱ्याला शाल-नारळ मिळतो, बोलायला वेळ मिळत नाही. १९७२ चा दुष्काळ ज्याने अंगावर काढला, त्याला पावसाच्या ओढीबद्दल विचारायचे सोडून आम्ही त्याला टाळ्या वाजवायला बसवतो. ही चूक आमची आहे.

सर्वांत नाजूक गोष्ट सातबाऱ्याची. जमीन नावावर आहे तोवर भाकरी ताटात येते, बक्षीसपत्र झाले की कुडाशेजारी खाट पडते. सगळी पोरं तशी नसतात, हे आम्हीही जाणतो. पिकाने मारलेल्या घरात पोराचाही जीव मेटाकुटीला आलेला असतो. पण म्हणून आईबापाने उघड्यावर पडावे काय?

२००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा नीट समजून घ्या. साठ वर्षांवरील आईबाप मुलांकडून पोटगी मागू शकतात. कायद्याने तिची मर्यादा महिना १०,००० रुपयांपर्यंत ठेवली आहे. अर्ज प्रांताकडे करायचा, वकील लागत नाही. पोटी मूल नसेल तर ज्याला इस्टेट मिळणार त्या नातेवाइकाकडेही मागता येते. कलम २३ असे की, सांभाळ करण्याच्या अटीवर जमीन लिहून दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येते. मात्र अट होती हे दाखवावे लागते, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली तसे स्पष्ट केले आहे. तोंडी शब्दावर अंगठा उठवू नका. "सांभाळ करीन" हे वाक्य बक्षीसपत्रातच लिहून घ्या. लेखनिक नको म्हणाला तर दुसरा लेखनिक पाहा. पोटच्या पोराकडून लिहून घ्यायची लाज वाटते खरी, पण प्रांताच्या पायरीवर बसण्याइतकी नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना घरच्या म्हाताऱ्या माणसांना सोबत आणा. पहिला तास त्यांचा राहील, पुढारी नंतर बोलतील. ज्याला अर्ज करायचा आहे त्याने सातबारा, आधार आणि बक्षीसपत्राची नक्कल आणावी. अर्ज लिहून देणारा कार्यकर्ता मांडवातच बसलेला असेल.