तीनशे चौरस फुटांत हवा किती?

मुंबईत घराचा प्रश्न चौरस फुटांत मोजला जातो. झोपडपट्टी पुनर्वसनातील घर आधी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फुटांचे झाले. धारावीतील पात्र कुटुंबांना ३५० चौरस फुटांचे आश्वासन आहे. बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीतून निघालेल्या वरळीतील काही कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये ५०० चौरस फुटांच्या घराची चावी मिळाली. आकडा वाढतो आहे, हे चांगलेच. मात्र छोट्या घरात राहणाऱ्याची प्रकृती एवढ्या एकाच आकड्यावर ठरत नाही. वारा कुठून शिरतो, कुठून बाहेर पडतो आणि समोरची भिंत किती अंतरावर आहे, यावरही ती ठरते.

क्षयरोगाचे उदाहरण घेऊ. रुग्ण खोकतो तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म कण हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. खोलीतील हवा जितक्या वेळा बदलते, तितके हे कण विरळ होतात. थेट सूर्यप्रकाशात जंतू मरतातही. पेरू देशातील लिमा शहरात आठ रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. दारे-खिडक्या उघडल्यावर तेथील खोल्यांमधील हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांसाठीचे प्रमाण आहे तासाला १२ वेळा. उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती यात नव्यांपेक्षा सरस ठरल्या.

याची दुसरी बाजू मुंबईच्या गोवंडी-मानखुर्दमध्ये दिसते. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केलेला अभ्यास २०१८मध्ये समोर आला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि तिथे क्षयाचे प्रमाण तुलनेने मोकळ्या असलेल्या तिसरीपेक्षा जास्त आढळले. ऊन आणि वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांना धोका अधिक होता. क्षयामागे कुपोषण, गर्दी, अर्धवट उपचार अशी अन्य कारणेही असतात, हे खरे. पण नटवर पारेख कंपाउंडमध्ये सात मजली इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर आहे, हे कारण नकाशावरच आखले गेले होते.

हा धडा मुंबईला नवा नाही. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८मध्ये शहर सुधारण्यासाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आणला. खोलीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत काढलेली रेषा याहून अधिक उभी नसावी, असा तो नियम. सोप्या भाषेत, दोन इमारतींमध्ये उंचीच्या निम्मे तरी अंतर हवे. २१ मीटर उंचीसाठी हे अंतर साडेदहा मीटर होते. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या मापाने तीन मीटरची गल्ली एक तृतीयांशही भरत नाही. आजही पुनर्वसन इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलती मिळतात. मोफत घरांचा खर्च विक्रीच्या इमारतींतून निघायचा असतो, त्यामुळे भूखंडाचा मोठा वाटा तिकडे जातो आणि उरलेल्या तुकड्यावर पुनर्वसनाची घरे दाटीने उभी राहतात.

घराच्या आतले गणितही तपासण्यासारखे आहे. निवासी इमारतींसाठीची केंद्राची ‘इको निवास संहिता’ २०१८मध्ये आली. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात चटई क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश भाग उघडणारा असावा, असे ती सांगते. म्हणजे ३०० चौरस फुटांच्या घराला सुमारे ५० चौरस फूट. आता चार बाय चारच्या दोन सरकत्या खिडक्या धरा. कागदावर त्या ३२ चौरस फूट भरतात, पण सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते, म्हणून हाती येतात १६. दारासारखी उघडणारी खिडकी जवळपास पूर्ण मोकळी होते. शिवाय दोन्ही खिडक्या एकाच भिंतीत आणि मुख्य दार अंधाऱ्या बोळात उघडणारे असेल, तर वाऱ्याला बाहेर पडायला वाटच नाही. जुन्या चाळींत शौचालय सामाईक, खोल्या अपुऱ्या. पण पुढे गॅलरी आणि मागे खिडकी असलेल्या खोलीत वारा आरपार जात असे.

पर्यावरणपूरक घराचा प्रश्न इथेच येतो. छतावर सौर पॅनेल बसवले, पण भरदुपारी घरात दिवा आणि पंखा दोन्ही लागत असतील, तर इमारतीचे मूळ आरेखनच चुकले आहे. साच्यात ओतलेली १५ सेंटीमीटर जाडीची काँक्रीटची भिंत लवकर उभी राहते. मात्र २० सेंटीमीटरच्या हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकच्या भिंतीपेक्षा ती चार-पाच पट अधिक उष्णता आत सोडते. वरच्या मजल्यावर त्यात तापलेल्या गच्चीची भर पडते. गच्चीला पांढरा परावर्तक लेप आणि पश्चिमेच्या खिडकीवर रुंद छज्जा हे उपाय स्वस्त आहेत. पुढची अनेक वर्षे ते विजेचे बिल कमी ठेवतात. ज्याला वातानुकूलन परवडत नाही, त्याच्यासाठी उन्हाळ्यात तीच सुरक्षितता असते.

राहणाऱ्यांच्या हातातही थोडे आहे. कपाट खिडकीपुढे न ठेवणे, मधली भिंत छतापर्यंत न नेता वर जागा सोडणे, दारावर झडप ठेवणे, स्वयंपाकाचा ओटा खिडकीलगत घेणे. पण समोरची इमारत कोणत्याही रहिवाशाला हलवता येत नाही. तो निर्णय आराखडा मंजूर होतानाच होतो.

म्हणून पुनर्वसनाला संमती देताना ‘किती चौरस फूट?’ या प्रश्नाबरोबर आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत : दोन इमारतींमध्ये किती मीटर, उघडणारी खिडकी किती फूट आणि तळमजल्यावर ऊन किती तास? धारावीचे पुनर्वसन याच शहरात, याच पद्धतीने व्हायचे आहे. एकदा उभी राहिलेली इमारत दोन-तीन पिढ्या तरी तिथेच असते. गोवंडीत जे मोजून झाले, ते पुन्हा माणसांच्या फुप्फुसांवर मोजण्याची गरज नाही.