हात धुऊन थिअरीकडे?

लॅब सोडून थिअरीत पीएचडीला अर्ज करायचा म्हटलं की सल्ले सुरू होतात: ‘एसओपीमध्ये लॅबचं फार लिहू नकोस, कच्चा समजतील.’ हा सल्ला फेकून द्या. त्यामागे आपला जुनाच रोग आहे: डोक्याचं काम वरचं, हाताचं खालचं.

एन्रिको फर्मीने १९३४ साली बीटा-क्षयाचा सिद्धांत प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी न्यूट्रॉनचे प्रयोगही केले. १९३८चं नोबेल मिळालं ते प्रयोगांसाठी. डिरॅकची पहिली पदवी तर इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची. यांना कोण कच्चं म्हणेल?

गणिताचा पुरावा मागणं मात्र रास्तच आहे. ‘लॅबचा कंटाळा आला’ हा काही पुरावा नाही. क्वांटम फील्ड थिअरीचा कोर्स, स्वतः तडीस नेलेलं एखादं गणित आणि ते जवळून पाहिलेल्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र, हे दाखवा. आणि दोन वर्षं लेझर जुळवताना गोंगाटातून सिग्नल कसा वेगळा काढलात, तेही ठणकावून लिहा. कुठलं मॉडेल मोजता येईल आणि कुठलं नुसतं कागदावर शोभेल, हे मोजणाऱ्याला लवकर कळतं.

ते लपवायला सांगणाऱ्यांना एकच विचारा: तुम्ही शेवटचं काय मोजलंत?