हक्काचे पाणी

बेंगळुरूत २०२४च्या मार्चमध्ये शुद्ध पाण्याच्या केंद्रांपुढे कॅनच्या रांगा लागल्या होत्या. ५ रुपयांचे नाणे टाकले की २० लिटर पाणी. टंचाई वाढली तसा माणशी एकच कॅन. प्रशासनाने टँकरचे दर बांधून दिले: ५ किलोमीटरच्या आत ६,००० लिटरला ६०० रुपये. ज्यांच्या घरी कावेरीचा नळ होता, त्यांना तेव्हा वापराच्या पहिल्या टप्प्यात १,००० लिटरमागे ७ रुपये पडत. तेवढेच पाणी टँकरवाल्या वस्तीला सरकारी दरानेही १०० रुपयांना आणि कॅन भरणाऱ्या कुटुंबाला २५० रुपयांना. ज्याची ऐपत सर्वांत कमी, त्याचेच पाणी सर्वांत महाग. या अन्यायाचे खापर एकट्या पावसावर फोडता येणार नाही.

२००७ साली बेंगळुरू महापालिकेत ११० गावे सामील झाली. तेथे इमारती उठल्या, घरपट्टी सुरू झाली. पाणी मात्र मुख्यतः बोअरवेल आणि टँकरचे. या गावांसाठी दिवसाला ७७.५ कोटी लिटरची कावेरी योजना सुरू व्हायला १६ ऑक्टोबर २०२४ उजाडला. दरम्यान शहराने आपली कित्येक तळी बुजवली आणि उरलेल्यांत सांडपाणी सोडले. बेळ्ळंदूर तलावाला तर आग लागलेली देशाने पाहिली.

टंचाईचा चटका बसण्याच्या काही आठवडे आधी याच शहरात, सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात, भारतातील कॅथलिक बिशपांची सर्वसाधारण सभा भरली होती. शाळा, महाविद्यालये, रुग्णालये आणि सेमिनरी यांमुळे बेंगळुरूत चर्चच्या शब्दाला वजन आहे. पाण्याबाबत त्या शब्दाला धर्माचा भक्कम आधारही आहे. पिण्याजोगे सुरक्षित पाणी हा मूलभूत आणि सार्वत्रिक मानवी हक्क आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात स्पष्ट केले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी हा हक्क मान्य केला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९९१ मध्येच प्रदूषणमुक्त पाणी राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात धरले होते. धर्म, जग आणि कायदा या तिघांचे याबाबत एकमत आहे.

तहानलेल्याला पाणी पाजणे हे कॅथलिक परंपरेत दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक. आपल्याकडेही पाणपोईचे पुण्य मोठे मानतात. पण दया देणाऱ्याच्या मर्जीवर चालते आणि उन्हाळा सरला की पाणपोई उठते. हक्क बारमाही असतो आणि त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्राशन केले ते माणूस म्हणून असलेला हक्क बजावण्यासाठी. बायबलमधील येशूनेही विहिरीवर शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागून यहुद्यांचा विटाळ झुगारला होता. पाणवठ्यावरचा भेद श्रद्धेच्या कसोटीला उतरत नाही, ही या दोन्ही प्रसंगांची शिकवण आजच्या टँकरच्या बाजारालाही लागू पडते.

या शिकवणीवर चालणारी माणसे महाराष्ट्राने पाहिली आहेत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून बेसुमार बांधकामांच्या आणि टँकरसाठी विहिरी उपसणाऱ्यांच्या विरोधात उभे राहिले. वाडीवाडीतील बावखले, म्हणजे छोटी तळी, भूजल राखतात, ती बुजली की विहिरीला खारे पाणी लागते, हे वसईकर अनुभवाने जाणतात. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदानाच्या बळावर पाणलोटाची कामे उभी केली. गावाने डोंगरमाथ्यापासून चर खणले, बांध घातले आणि पाणी शिवारात मुरवले. या दोघांनी केवळ प्रवचने दिली नाहीत. लोकांना संघटित केले.

बेंगळुरूच्या चर्चने हाच वारसा पुढे न्यावा. आपल्या प्रत्येक आवारात पाऊस किती मुरतो, बोअरवेलमधून किती उपसा होतो आणि सांडपाणी कुठे जाते याचा हिशेब जाहीर करावा. स्वतःचे अंगण नीट असले तरच दुसऱ्याला बोलण्याचा अधिकार येतो. त्यानंतर झोपडपट्ट्यांच्या आणि बांधकाम मजुरांच्या बाजूने उभे राहून सरकारकडे एकच मागणी धरावी: जागेचा कागद असो वा नसो, जिथे माणूस राहतो तिथे नळ पोहोचला पाहिजे. बेंगळुरूच्या जलमंडळाने कोणत्या वस्तीला कधी नळ मिळणार याची यादी तारखांसह प्रसिद्ध करावी आणि नळ येईपर्यंत टँकरचे पाणी नळाच्याच दराने द्यावे. फरकाचा बोजा पोहण्याचे तलाव आणि मोठ्या हिरवळी पोसणाऱ्यांवर टाकावा.

पुणे, नवी मुंबई, वसई-विरार या शहरांनीही हे वेळीच ऐकावे. नळाआधी इमारतींना परवानगी देण्याची खोड आपल्याकडेही तितकीच जुनी आहे. पाण्याची हमी नसेल तिथे बांधकाम परवाना नाही, असा नियम करून तो कसोशीने पाळणे, ही हक्क मान्य करणाऱ्या प्रत्येक सरकारची पहिली जबाबदारी आहे.