आधी नकाशा नको

‘बँड ऑफ ब्रदर्स’ पहिल्यांदा पाहायला बसणाऱ्याला जाणकारांकडून एक सल्ला हमखास मिळतो: थोडी तयारी करून बस. नॉर्मंडीचा नकाशा डोळ्यांखालून घाल, कंपनी, बटालियन, रेजिमेंट ही उतरंड समजून घे, पात्रांची यादी हाताशी ठेव. नाहीतर पहिले दोन भाग डोक्यावरून जातील. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि अडचणही खरी आहे. या मालिकेतली तरुण मुलं एकाच रंगाच्या गणवेशात, एकाच आकाराच्या हेल्मेटखाली, चिखलाने माखलेल्या चेहऱ्यांनी वावरतात. विंटर्स कोण, लिप्टन कोण, मालार्की कोण याचा उलगडा होईपर्यंत ज्यांची नावंही कानावर पडली नाहीत असे काहीजण मरून गेलेले असतात. कथा सांगण्यातला हा दोष आहे, असं अनेकांचं ठाम मत आहे. मला ते मत साफ चुकीचं वाटतं. पहिल्या पाहण्यात उडणारा हा गोंधळच मालिकेचा गाभा आहे, आणि तयारी करून बसणारा प्रेक्षक नेमका तोच गमावतो.

स्टीफन अँब्रोझ यांच्या 1992 च्या पुस्तकावरून टॉम हँक्स आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी एचबीओसाठी ही दहा भागांची मालिका निर्माण केली. 9 सप्टेंबर 2001 रोजी तिचा पहिला भाग दाखवला गेला. विषय अमेरिकेच्या 101 व्या एअरबोर्न डिव्हिजनमधल्या एका कंपनीचा, ‘ईझी’ कंपनीचा. जॉर्जियातल्या टोकोआ छावणीतल्या सरावापासून ऑस्ट्रियात युद्ध संपेपर्यंतचा तिचा प्रवास यात आहे.

आता तयारीचंच बोलायचं तर या कंपनीइतकी तयारी कोणी केली होती? 6 जून 1944 ला नॉर्मंडीत छत्रीने उतरण्याआधी इंग्लंडमधल्या तळावर या जवानांना उतरण्याच्या प्रदेशाची वाळूतली प्रतिकृती दाखवली होती. रस्ते, पूल, गावं, उतरल्यावर कुठे जमायचं, सगळं घोकून घेतलं होतं. प्रत्यक्षात ढगांमुळे आणि विमानविरोधी तोफांच्या माऱ्यामुळे विमानं पांगली, माणसं भलत्याच शेतांत जाऊन पडली. विंटर्सच्या पायाला बांधलेली पिशवी उडी मारतानाच तुटून गेली आणि तिच्यासोबत त्याचं हत्यारही गेलं. रात्रीच्या अंधारात, परक्या मुलखात, बंदुकीशिवाय, आपण कुठे आहोत हेच ठाऊक नसलेला एक अधिकारी कुंपणाच्या आडोशाने चालतो आहे. दुसऱ्या भागातल्या या प्रसंगात प्रेक्षकालाही काही समजत नाही, आणि समजूही नये. त्याच दिवशी ब्रेकूरच्या मळ्याजवळ विंटर्स डझनभर माणसं घेऊन ‘यूटा’ या सांकेतिक नावाच्या किनाऱ्याकडे मारा करणाऱ्या चार तोफांवर चाल करून जातो. जर्मन तोफांच्या जागा दाखवणारा नकाशा त्याला सापडतो तो तिथे, खंदकात शिरल्यावर. सैनिकाला नकाशा लढाईनंतर मिळतो. प्रेक्षकाने तो आधी का मागावा?

वास्तवदर्शी म्हटलं की आपल्याकडे लगेच रक्ताचा हिशेब सुरू होतो. किती हातपाय तुटले, स्फोट किती खरे वाटले, गणवेशाची बटणं बरोबर आहेत की नाहीत. निर्मात्यांनी त्यातही कसूर ठेवलेली नाही. व्हिएतनाममध्ये लढलेले डेल डाय यांनी नटांकडून खऱ्या छावणीसारखा सराव करून घेतला होता. पण ही कारागिरी झाली. बेल्जियममधल्या बास्तोनचं गोठलेलं जंगल मुळात इंग्लंडमधल्या हॅटफील्डच्या जुन्या विमानतळावर, छताखाली, कृत्रिम बर्फ पसरून उभं केलेलं आहे. तरी ते खरं वाटतं, कारण त्या जंगलात कॅमेऱ्याला सैनिकापेक्षा जास्त काही दिसत नाही. धुकं, झाडांची खोडं, पन्नास पावलांवरून येणारा शत्रूच्या बोलण्याचा आवाज.

सहावा भाग पाहा. 1944 च्या डिसेंबरात बास्तोनला वेढा पडला आहे आणि हा सबंध भाग यूजीन रो या मेडिकच्या मागे मागे चालतो. त्याच्याकडे बंदूक नाही. तो एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात जाऊन मॉर्फिन आहे का, बँडेज आहे का, कात्री कोणाकडे आहे का, असं विचारत फिरतो. कात्री! युरोपचं भवितव्य ठरवणारी लढाई चालू आहे आणि तासभर आपण एका कात्रीच्या चिंतेत असतो. सेनापतींचे डावपेच यात जवळजवळ नाहीतच. आधी इतिहास वाचून बसलेल्याला वेढा कधी फुटणार हे ठाऊक असतं, वेढा फोडायला निघालेल्या जनरल पॅटनचे रणगाडे कुठवर आले असतील याचा तो मनात हिशेब करतो, आणि रोच्या थंडीने बधिरलेल्या बोटांकडे त्याचं लक्ष जात नाही.

सातव्या भागात जानेवारीतला तोफांचा मारा आहे. लुझ रांगत चाललेला असतो, मक आणि पेन्काला त्याला आपल्या खड्ड्यात बोलावत असतात, आणि त्याच्या डोळ्यांदेखत गोळा थेट त्या खड्ड्यावर पडतो. दोघांचं काही उरत नाही. थोड्याच वेळात दुसरा गोळा लुझ आणि लिप्टन यांच्या खड्ड्यात येऊन पडतो आणि फुटतच नाही. यात शौर्याचा, कौशल्याचा, पुण्याईचा कशाचाही संबंध नाही. याच माऱ्याच्या दिवसांत जो टॉयचा पाय जातो आणि त्याला ओढून आणायला धावलेल्या बिल गार्निअरचाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला यातलं काहीही आधी ठाऊक नसावं. टॉय आणि गार्निअर यांची सवय होऊन जाते, आणि ते आता शेवटपर्यंत असणारच असं आपण गृहीत धरलेलं असतं. ते गृहीत तिथे मोडलं पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो नैतिक आहे. कितीही भीषण दाखवलं तरी पडद्यावर युद्ध थरारकच दिसतं. त्यामुळे युद्धाचं प्रत्येक चित्रण शेवटी त्याचं गुणगान ठरतं, असं चित्रपटाचे मोठमोठे अभ्यासक सांगत आले आहेत. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. ब्रेकूरचा हल्ला पाहताना छाती धडधडते हे नाकारण्यात अर्थ नाही. 2003 मध्ये आलेल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या व्हिडिओ गेममध्ये ब्रेकूरची लढाई आहे. तिथे पोरांनी ती खेळली, मेली, पुन्हा सुरू केली. आज त्याच प्रसंगाचे तीन-चार मिनिटांचे तुकडे मोबाइलवर फिरतात, पार्श्वभूमीला जोरदार संगीत लावून. तेवढाच तुकडा पाहणाऱ्याच्या बाबतीत आक्षेप शंभर टक्के खरा आहे.

पण मालिका म्हणजे तो तुकडा नव्हे. त्याच दुसऱ्या भागात मालार्कीला काही जर्मन कैदी भेटतात. त्यातला एक अस्खलित अमेरिकी इंग्रजी बोलतो, कारण तो अमेरिकेतच, मालार्कीच्याच ऑरेगन राज्यात वाढलेला आहे. दोघं गावाकडचं बोलतात. मग स्पिअर्स नावाचा अधिकारी कैद्यांजवळ येतो, त्यांना सिगारेटी वाटतो. मालार्की आपल्या वाटेने चालू लागतो आणि मागून गोळ्यांचा आवाज येतो. पुढे कंपनीत अफवा फिरत राहते, सांगणाऱ्यागणिक मेलेल्या कैद्यांचा आकडा बदलतो, स्पिअर्स ना होकार देतो ना नकार. हाच स्पिअर्स पुढे फॉय गावावरच्या हल्ल्यात शत्रूच्या गोळीबारातून एकटा धावत जातो आणि आपण त्याच्या धैर्याने दिपून जातो. त्या दिपण्यात मागून आलेला गोळ्यांचा तो आवाज मिसळलेला असतो. मालिका आपल्याला निवाडा करू देत नाही, कारण कंपनीतल्या माणसांनाही तो करता आला नव्हता. पाचव्या भागात विंटर्स अगदी जवळून एका कोवळ्या जर्मन मुलाला मारतो, आणि मग पॅरिसच्या मेट्रोत समोर बसलेल्या एका मुलाकडे पाहताना त्याचा चेहरा बदलतो. गुणगान करणाऱ्याला ही मेट्रो दाखवायची गरज नव्हती.

म्हणून मालिका क्रमाने पाहावी आणि एका रात्रीत दहा भाग संपवू नयेत. मूळ प्रक्षेपण आठवड्यागणिक होत होतं. बहुतेक भागांच्या सुरुवातीला म्हातारी माणसं कॅमेऱ्यासमोर बसून दोन-चार वाक्यं बोलतात. अनेकजण तो मजकूर पळवून पुढे जातात. तसं करू नये. त्यांची नावं दहाव्या भागाच्या शेवटापर्यंत दिली जात नाहीत. यांच्यापैकी कोण पडद्यावरचा कोण, हे न कळता त्यांचं ऐकावं लागतं. ती नावंही आधी शोधू नयेत, कारण म्हातारपणी बोलतो आहे तो वाचला, एवढं कळलं की त्याच्याविषयीची धास्ती संपते.

तिसरा आक्षेप इतिहासकारांचा आहे: मालिका सरळ चुका करते. करतेच. तिसऱ्या भागात कॅरेंटनच्या लढाईत भीतीने दृष्टी गेलेला अल्बर्ट ब्लाइथ दाखवला आहे. शेवटी पडद्यावर पाटी येते की तो जखमांतून कधी बरा झाला नाही आणि 1948 मध्ये वारला. खरा ब्लाइथ बरा झाला, पुढे अनेक वर्षं सैन्यात होता आणि 1967 मध्ये वारला. फॉयच्या हल्ल्यात गोठून बसलेला लेफ्टनंट डाइक मालिकेत निव्वळ नालायक ठरतो. त्या हल्ल्यात त्याच्या खांद्याला गोळी लागली होती, अशी साक्ष कंपनीतल्याच एका जवानाने दिलेली आहे. नवव्या भागातली छळछावणी ईझी कंपनीलाच प्रथम सापडते, असं दिसतं. ती ज्यांच्यावर बेतली आहे त्या काउफेरिंगच्या छावण्यांपाशी 12 वी आर्मर्ड डिव्हिजन आधीच पोहोचली होती. आणि त्या भागाच्या आरंभी एप्रिलच्या 11 तारखेची पाटी असताना हिटलरच्या आत्महत्येची बातमी येते, जी घडली 30 एप्रिल 1945 ला.

या चुकांचं समर्थन मी करणार नाही. पण त्या कुठे घडल्या आहेत ते पाहण्यासारखं आहे. ब्लाइथ मेला असं त्याच्या सोबत्यांना खरोखर वाटत होतं. त्यांचं तसं वाटणं दाखवलं असतं तर ते सत्यच ठरलं असतं. चूक झाली ती निर्मात्यांनी सैनिकाची जागा सोडून, सगळं माहीत असल्याच्या आवाजात पाटी लावली तेव्हा. डाइकच्या बाबतीतही स्पिअर्ससमोर उठून दिसणारा भित्रा हवा, ही नाटकाची गरज सैनिकाच्या अनुभवावर लादली गेली. मालिका जिथे न कळण्याशी प्रामाणिक राहते तिथे ती खरी आहे. जिथे गोष्ट नेटकी करायला जाते तिथे घसरते. म्हणजे हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो. वाचन करायचंच, पण दहावा भाग संपल्यावर. मग बास्तोनच्या भागात ओझरती दिसणारी काळी परिचारिका कोणावर बेतली आहे ते कळेल: ऑगस्टा चिवी, जिचा बेल्जियमने 2011 मध्ये सन्मान केला आणि जी 2015 पर्यंत जगली.

राहिला प्रश्न, हे युद्ध कोणाचं? जर्मन सैन्याचं सर्वांत मोठं नुकसान पूर्व आघाडीवर, सोव्हिएत सैन्याकडून झालं. ते या मालिकेत नाही. एका कंपनीची गोष्ट एका कंपनीचीच असते, हे उत्तर मला पुरेसं वाटतं. मात्र आपल्यासाठी त्यातून एक वेगळी खंत निघते. ईझी कंपनी नॉर्मंडीत उतरली त्यानंतर साधारण पाच आठवड्यांनी, 10 जुलै 1944 रोजी, इटलीत टायबरच्या खोऱ्यात माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे लढत होते. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडग्यांनी एकट्याने मशिनगनच्या मोर्च्यावर धाव घेतली, हातबॉम्ब टाकला, गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्यांना मारलं, आणि लपलेल्या शत्रूच्या गोळीने ते पडले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे सारं आपल्याला ठाऊक आहे ते सन्मानपत्राच्या भाषेत, म्हणजे वरून पाहणाऱ्याच्या भाषेत. घाडग्यांच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतल्या जवानांना इटलीच्या डोंगरात काय दिसत होतं, काय कळत नव्हतं, हे आपण त्यांना नीट विचारून ठेवलं नाही. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांहून अधिक माणसं भारतीय सैन्यात होती.

अँब्रोझ यांनी ईझी कंपनीच्या माणसांना ती हयात असताना गाठलं, त्यांच्या आठवणी टेपवर उतरवल्या, आणि त्यातून आधी पुस्तक, मग मालिका उभी राहिली. आपल्याकडे महायुद्धातल्या जवानांना विचारायची वेळ निघून गेली; पण सातारा-कोल्हापूरच्या गावांत 1971 च्या युद्धात विशीत असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याच्याकडे बसणाऱ्याने लढाई का जिंकली, कोणत्या डावपेचाने जिंकली, हे विचारू नये. ते ग्रंथांत आहे. त्या रात्री समोर काय दिसत होतं, आवाज कुठून येत होता, पायात काय होतं, भाकरी किती वेळाने मिळाली आणि शेजारच्या खंदकातल्या माणसाचं नाव काय होतं, हे विचारावं.