फुंकर मारू नका!
माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात बाबांच्या जुन्या स्लाइड सापडल्या, की आपला पहिला उद्योग म्हणजे फुंकर मारणं. मीही मारली, आणि काश्मीरच्या शिकाऱ्यात बसलेल्या आईच्या गालावर थुंकीचा बारीक शिंतोडा उडाला. धूळ उडवायला रबरी फुग्याचा ब्लोअर घ्या. बुरशीची जाळी दिसली तरी पाणी लावू नका. स्लाइड उजेडात तिरकी धरली की चकचकीत बाजू कोणती आणि निस्तेज कोणती ते कळतं. स्कॅनरमध्ये उलटी लागली तर आईचा पदर थेट उजव्या खांद्यावर! चौकट अवघी ३६ बाय २४ मिलिमीटरची, पण २४०० डीपीआयला तिचे सुमारे ७७ लाख ठिपके होतात. अल्बमातल्या छपाईला तेवढे पुष्कळ. स्कॅनरची धूळ पुसणारी इन्फ्रारेड सोय एक्टाक्रोम फिल्मवर छान चालते, कोडाक्रोमवर मात्र बारकावेच पुसू शकते, म्हणून स्लाइडच्या पुठ्ठ्यावरचं फिल्मचं नाव आधी वाचा. मूळ स्कॅन टिफमध्ये जपा, रंगांची डागडुजी प्रतीवर करा. एक काम मात्र कुठलंच यंत्र करत नाही: आईला शेजारी बसवून, शिकाऱ्यात पलीकडे पाठमोरं कोण बसलंय, ते विचारून लिहून ठेवणं.