पापलेट राज्यमासा, मग समुद्र कोणाचा?

2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. त्याच वर्षी 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2024 मध्ये, डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्च 76 हजार कोटींच्या वर आणि समुद्रात भराव सुमारे 1448 हेक्टरचा. डहाणू ते सातपाटी हा पट्टा पापलेटसाठीच नावाजलेला! म्हणजे जाळ्यात लहान पापलेट आले तर मच्छीमाराला दंड आणि पापलेटचा समुद्रच बुजवला तर तो विकास. हा कुठला न्याय?

आमचा विरोध लांबीच्या नियमाला नाही. मासा एकदा तरी अंडी घालण्याइतका वाढलाच पाहिजे. पण समुद्र म्हणजे वाण्याची वही नव्हे, की एकेका माशाचे खाते वेगळे काढावे. तारली प्लवक खाते, सुरमई तारली खाते. खाडीतल्या तिवरांच्या मुळांत कोळंबीची पिल्ले आसरा घेतात. बारीक आसाच्या जाळ्यात दहा जातींची मासळी एकत्र येते. त्यातले मेलेले पिल्लू परत पाण्यात टाकले म्हणून जिवंत होत नाही. तिवरे तोडली, शहराचे सांडपाणी खाडीत सोडले, तर जाळ्याचे आस कितीही मोठे करा, मासळी येणार कुठून? म्हणून जाळी, हंगाम, खाडी, सांडपाणी आणि भराव यांचा विचार एकत्रच व्हायला हवा. तज्ज्ञ याला परिसंस्थाधारित मत्स्यव्यवस्थापन म्हणतात. प्रतीत्यसमुत्पाद मानणाऱ्या आम्हा बौद्धांना हे नवे नाही. कारणाशिवाय काही घडत नाही आणि कारण दूर केल्याशिवाय दुःख दूर होत नाही.

"तुम्ही जातीय अत्याचारांवर बोला, समुद्राशी तुमचा काय संबंध?" असे आम्हाला विचारले जाते. संबंध आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते केवळ तहान भागवायला नव्हे. सार्वजनिक पाण्यावर कोणाचा हक्क, हा तो प्रश्न होता. आज त्याच महाडची सावित्री कारखान्यांचे रसायन खाडीकडे नेते आणि भोगतो तो खाडीत जाळे टाकणारा. 1937 मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनीच मुंबई विधिमंडळात मांडले होते. कोकणच्या जमिनीवरची खोती गेली; आता ती दर्यावर येऊ पाहते आहे. पर्ससीनचे जाळे माशांचा अख्खा थवा वेढून उचलते. राज्याने 2016 मध्ये त्यावर निर्बंध आणले, केंद्राने 2017 मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तरी लहान मच्छीमारांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. भांडवलवाल्याला कायदा दिसत नाही आणि कायद्याला भांडवलवाला दिसत नाही.

पण इथे आमच्या मित्रांनाही एक गोष्ट सांगायची आहे. 'समुद्र आमच्या जातीचा' ही भाषा आम्हाला मान्य नाही. कोळी समाजाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान खरे आहे, त्यांचा हक्कही खरा आहे. मात्र तो हक्क श्रमाचा आहे, जन्माचा नव्हे. धंदा जन्माला बांधणे यालाच आम्ही जात म्हणतो. मोठ्या बोटीचा मालक जन्माने कोणीही असो, तो लहान मच्छीमार होत नाही. पालघरच्या पाड्यांवरून बोटीवर येणारा आदिवासी खलाशी, नेपाळहून रत्नागिरीत आलेला खलाशी, बोंबील वाळत घालणारी आणि डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणारी बाई, ही सगळी माणसे याच दर्यावर जगतात. परिसंस्थेच्या नकाशात कोळंबी असेल आणि ही माणसे नसतील, तर तो नकाशा अर्धाच आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. मासळीला विसावा मिळतो, तो मिळायलाच हवा. पण त्या 61 दिवसांत खलाशाची चूल कशावर पेटणार?

संविधानाचे कलम 39(ख) सांगते की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हितासाठी व्हावे. समुद्र ही अशीच संपत्ती आहे. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. भराव आणि सांडपाणी यांचे नुकसान मासेमारीच्या हिशेबातच धरा. पर्ससीन आणि एलईडीवरचे नियम कागदावरून बंदरावर आणा. पारंपरिक मच्छीमार कोण, हे जातीवरून नव्हे तर बोट, जाळे आणि श्रम पाहून ठरवा. आणि निर्णय घेणाऱ्या समित्यांत खलाशी व मासळी विकणाऱ्या स्त्रियांना मतासह जागा द्या.

पापलेटला मान दिलात, ठीक. आता दर्यावर राबणाऱ्या माणसालाही द्या.

जय भीम!