पेठ कोणाची?

जळगाव आणि धुळे ही आपल्या खान्देशातील दोन मोठी शहरे. दोन्ही ठिकाणी २००३ सालापासून महानगरपालिका आहेत, आणि दोन्ही ठिकाणी "शहराचा मध्यभाग सुधारावयाचा" ही भाषा वरचेवर कानी पडते. सुधारणा कोणास नको? रस्ता मोकळा व्हावा, गटार झाकले जावे, दिवे लागावेत, असे आम्हांसही वाटते. परंतु सुधारणेची गाडी पेठेत शिरते ती प्रथम भाजीवालीच्या पाटीवरून, चांभाराच्या पेटीवरून आणि केळीवाल्याच्या हातगाडीवरून! मोठ्या दुकानाची पायरी रस्त्यात पुढे सरकलेली असते, ती मात्र जागची हलत नाही. म्हणून आमचा आजचा सवाल सरळ आहे. ही पेठ कोणाची, आणि तिचा नकाशा कोणास विचारून काढावयाचा?

आधी धुळ्याचीच हकीकत पाहा. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खान्देश कंपनी सरकारच्या हाती गेला. कॅप्टन ब्रिग्ज या अंमलदाराने जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले. १८१९ साली तेथे अवघी ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. पेठ वसवावयाची तर ब्रिग्जने काय केले? लांबलांबचे कारागीर आणविले. वसावयास येणाऱ्यास घराची जागा कायमची बिनभाड्याने दिली, आणि घर बांधण्यास उचल दिली. १८६३ साली तेथे १०,००० वस्ती झाली होती. आजही धुळेकर पत्ता सांगतो तो "गल्ली नंबर अमुक" असाच. आम्ही ब्रिग्जसाहेबाची आरती ओवाळीत नाही. त्याला सारा वसूल करावयाचा होता, आणि ती उचल तरी कोणाच्या साऱ्यातून आली हे सांगावयास नको. पण एवढे त्या परक्या माणसालाही उमगले होते की, पेठ भिंतींनी वसत नाही, हातांनी वसते. आमच्याच मतांवर निवडून आलेल्यांस ते उमगू नये, ही लाजेची गोष्ट होय.

जळगावची पेठ तर आपल्या कापसावर उभी राहिली. आगगाडी आली, आणि १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात विलायतेस तिकडचा कापूस मिळेना. तेव्हा जळगावच्या बाजारात पैशाचा पूर आला. लढाई संपताच भाव कोसळला आणि बाजारास मोठी ठोकर बसली. पुढे स्टेशनाजवळ खान्देश मिल निघाली. आज त्या गिरणीचा भोंगा बंद आहे आणि त्या जागी खान्देश सेंट्रल उभे आहे. महापालिकेने स्वतःची १७ मजली इमारत उभारली, व्यापारी संकुले बांधली. पण त्या संकुलांतील पुष्कळ गाळ्यांच्या कराराची मुदत २०१२ साली संपली आणि भाड्याचा तंटा वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. गाळेवाल्यांशी तंटा दहा वर्षे चालू शकतो, नोटिसा निघतात, कोर्टकचेरी होते. आसोदा-भादलीकडून वांगी घेऊन आलेल्या बाईची पाटी उचलावयास मात्र दहा मिनिटे पुरतात. तिला ना नोटीस, ना कोर्ट!

इमारत बांधली म्हणजे बाजार सुधारला, ही समजूत नवी नव्हे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे सभासद होते. पुण्यास मंडईची थोरली इमारत बांधण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्या खर्चास त्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या विद्येकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. इमारत झालीच. १८८६ साली ती रे मार्केट म्हणून उघडली, आणि आज तिलाच महात्मा फुले मंडई म्हणतात. जळगावातही महात्मा फुले मार्केट आहे. नाव जोतीरावांचे दिले, पण त्यांनी विचारलेला प्रश्न कोणी घेतला? खर्च कोणाच्या पैशाने आणि लाभ कोणाचा, हाच तो प्रश्न.

हा रोग आपल्याकडेच आहे असेही नव्हे. अमेरिकेत हमरस्त्यांच्या कडेला मोठमोठी विक्रीकेंद्रे निघाली आणि लहान गावांतील जुन्या पेठा ओस पडल्या. तेव्हा १९७७ साली जुन्या वास्तू जपणाऱ्या तिकडील एका संस्थेने गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन गावांत एक प्रयोग केला. पेठ पाडली नाही. जुनी दुकानेच डागडुजी करून उजळली, दुकानदारांस एकत्र बसविले, आणि प्रत्येक गावी त्याच कामास वाहिलेला एक माणूस नेमला. पुढे शेकडो गावांनी तोच कित्ता गिरविला. तिकडे पेठ रिकामी पडली होती म्हणून माणसे परत आणण्याची खटपट करावी लागली. आपल्या पेठेत माणूस मावत नाही, इतका जिवंतपणा अजून आहे. तो हाकलून देऊन मग सुशोभनाच्या कुंड्या मांडणे हे कोणत्या शहाणपणाचे लक्षण?

आम्ही पेशाने खेड्यातले मास्तर. चौथीच्या मुलांस एकदा बाजाराचा नकाशा काढावयास सांगितला. कोणी देऊळ काढले, कोणी बसस्टँड काढले. एका मुलीने मधोमध लिंबाचे झाड काढले, त्याखाली एक लहान गोल काढला आणि लिहिले, "येथे माझी आई बसते." पुढे एका कचेरीत भिंतीवर शहराचा नकाशा पाहण्याचा योग आला. त्यात रस्ते होते, चौक होते, वाहनतळ होता. झाड नव्हते आणि तो गोलही नव्हता. दहा वर्षांच्या पोरीस जे दिसते ते शिकलेल्या आराखडेकारास दिसत नाही, कारण तो वाहने मोजतो आणि माणसे मोजण्याचे विसरतो. दिवसभर बाजारात बसणाऱ्या बायांस मुतारी कोठे, पिण्याचे पाणी कोठे, उन्हाळ्यात सावली कोठे, खेड्यातून आलेली गाडी उभी करावयाची कोठे, हे ज्या नकाशात नाही तो नकाशा अपुरा समजावा.

आमच्या लोकांस योजना करिता येत नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने पांझरेच्या काठी यावे. तेथली फडपद्धती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखाली जमिनीचे फड. एका फडात एकच पीक, आणि पुढल्या साली फेरपालट. पाणी वाटण्यास पाटकरी असे, आणि त्याची मजुरी शेतकरीच देत. पाटातला गाळ काढण्यास सर्वांनी यावयाचे. टोकाच्या शेतकऱ्याचा वाटा धरल्याशिवाय पाण्याचा हिशेब पुरा होत नसे. ही योजना नव्हे तर काय? पेठेचेही असेच आहे. रस्ता हा पाट आहे आणि गिऱ्हाईक हे पाणी. वरच्या अंगाच्या धनवंताने सारे पाणी अडविले आणि टोकाची पाटीवाली कोरडी राहिली, तर तो पाट फुटलाच म्हणावयाचा.

बरे, कायदा तरी आपल्या विरुद्ध आहे काय? मुळीच नाही! २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे. तिच्यात निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, आणि त्यांत एक-तृतीयांश बाया असाव्यात. विक्रेत्यांची पाहणी होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणास उठविता येत नाही. जागा बदलावयाची तर ३० दिवसांची नोटीस हवी. जेथे ५० वर्षांहून अधिक काळ बाजार भरतो, तो वारसा बाजार ठरवावा आणि तेथील विक्रेत्यांस हलवू नये, असेही त्यात आहे. तसेच १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा आधी मसुदा म्हणून जाहीर करावा लागतो, आणि त्यावर कोणाही माणसास मुदतीत हरकत घेता येते. आणखी एक मेख ध्यानात ठेवावी. मंडई, बाग, शाळा यांसाठी राखलेली जागा पालिकेने १० वर्षांत घेतली नाही, तर धनी नोटीस देऊन ती सोडवून घेऊ शकतो. म्हणजे नकाशात मंडई रंगविली आणि अधिकारी झोपले, तर मंडईची जागा हातची गेली म्हणून समजा. हरकतीची मुदत आपण झोपेत घालविली, तर दोष दुसऱ्यास कसा द्यावा?

आता दोन शब्द आपल्याच माणसांस. पाटी उचलताना कुजका पाला रस्त्यावर टाकून जाणे, हातगाडी चौकाच्या तोंडाशी आडवी लावणे, ओट्यावर आपले नाव ठेवून तो दुसऱ्यास भाड्याने देणे, या खोडी आपल्यात आहेत आणि त्या सोडल्या पाहिजेत. जो फडाचा गाळ काढावयास येत नाही त्याने पाण्यासाठी भांडू नये. आजारी माणसाची गाडी गर्दीत अडकते तेव्हा तो आजारीही आपलाच असतो. रस्ता मोकळा हवा हे खरे. तो कोणाच्या जागेतून मोकळा करावयाचा, एवढाच वाद आहे.

म्हणून धुळे आणि जळगाव येथील आमच्या बंधुभगिनींस सांगणे इतकेच. पाचकंदिलाजवळ बसणारे असोत की फुले मार्केटभोवती उभे राहणारे असोत, समितीची निवडणूक कधी, यादीत आपले नाव आहे काय, प्रमाणपत्र मिळाले काय, हे महापालिकेत जाऊन विचारा. एकट्याने जाऊ नका, दहाजण मिळून जा. वाचता येत नसेल तर शाळेत शिकणारे पोर बरोबर न्या. तेवढ्यासाठीच त्यास शिकविले आहे. आराखड्याचा मसुदा निघाला की आपली जागा त्यात शोधा. नसेल तर हरकतीच्या कागदावर त्या चौथीच्या पोरीप्रमाणे एक गोल काढा, "येथे आम्ही बसतो" असे लिहा, सही किंवा अंगठा करा, आणि पोच घेतल्याशिवाय घरी परतू नका.